पेण ते झाशी : काका-पुतण्यांची वाट



घर सोडून दूर जाणे आपल्या कोकणाला नवे नाही. जिच्यातले कोणी मुंबईला गेलेले नाही अशी वाडी शोधूनही सापडायची नाही. पूर्वी लोक गिरणीत गेले, गोदीत गेले. आता कोणाचा मुलगा आखातात असतो, कोणाचा अमेरिकेत. त्या अमेरिकेत म्हणे दोघे मित्र एक मोटार घेऊन निघतात आणि एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सुमारे साडेचार हजार किलोमीटर वाट कापतात. वाटेत राहण्याची सोय, पेट्रोलची सोय, गाडी बिघडली तर दुरुस्तीची सोय. परत आल्यावर, या प्रवासाने आम्हांला चार गोष्टी शिकवल्या असे ते सांगतात. शिकवीतही असेल. पण आज मी तुम्हांला ज्या प्रवासाची हकिकत सांगणार आहे तो आपल्याच मुलखातल्या दोघांनी केला, मोटारीविना केला, आणि निघताना हौस म्हणून नव्हे तर घरात कर्ज होते म्हणून केला.

हे दोघे म्हणजे विष्णुभट गोडसे आणि त्यांचे काका रामभट. गाव वरसई, आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात. साल १८५७. विष्णुभटांचे वय तेव्हा तिशीच्या आसपास. पुढे या प्रवासाची सगळी हकिकत विष्णुभटांनी लिहून ठेवली आणि ती ‘माझा प्रवास’ या नावाने पुस्तकरूपाने आली. तुमच्यापैकी काहींनी शाळेत असताना त्यातला एखादा उतारा वाचलाही असेल. परंतु शाळेत वाचलेले परीक्षेपुरते. चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर, कर्ज, मुलींची लग्ने, आजारपणे हे सगळे पाहून झाल्यावर तेच पुस्तक हाती घ्यावे. ते निराळे दिसते.

घर का सोडले?

गोडशांचे घर भिक्षुकीवर चालणारे. माणसे पुष्कळ, मिळकत बेताची आणि डोक्यावर देणे. अशा वेळी वार्ता आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख नावाचा मोठा यज्ञ करणार आहेत. बायजाबाई म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या पत्नी, आपल्या कागलच्या घाटग्यांची लेक. यज्ञात लाखो रुपये खर्च होणार, वैदिकांना भरपूर दक्षिणा मिळणार. झाले, काका-पुतण्यांनी जाण्याचे ठरवले. एकदा मथुरेस जाऊन यावे, दोन वर्षांत घर कर्जातून मोकळे होईल असा हिशेब.

त्या काळी जाणे म्हणजे काय, हे जरा डोळ्यांपुढे आणा. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन पुरती चार वर्षेही झाली नव्हती. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत रूळ आले होते. बोरघाट चढून गाडी वर जायला १८६३ साल उजाडले. म्हणजे घाट चढायचा तो पायी, पुढे पुणे, तेथून उत्तरेस माळवा, आणि मग नर्मदेपलीकडचा मुलूख. हजार किलोमीटरहून लांबची वाट. भाषा निराळी, पाणी निराळे, अन्न निराळे. घरच्यांनी सहजासहजी होकार दिला नाही, आणि त्यात नवल काहीच नाही. आजही मुलगा मस्कतला जायला निघाला की आईचा जीव वरखाली होतोच. आणि त्याच्या खिशात तर फोन असतो.

येथे मला थोडे आडवाटेने बोलू द्या. व्हॅनिलाचे दिवस तुम्हांला आठवत असतील. २००३ च्या सुमारास व्हॅनिलाच्या शेंगांचे भाव एकदम आभाळाला भिडले. केरळात अमुक भाव मिळाला, कर्नाटकात तमुक मिळाला, अशा वार्ता आल्या. आपल्याकडेही कित्येकांनी नारळी-पोफळीच्या बागेत वेली चढवल्या. ही वेल फळाला यायला तीनेक वर्षे घेते, शिवाय एकेका फुलाचे परागीकरण हाताने करावे लागते. शेंगा हाती येईपर्यंत भाव कोसळले होते. दूरवरच्या मोठ्या दक्षिणेची वार्ता कानावर येते तेव्हा ती खोटी नसते. परंतु आपण तेथे पोहोचेपर्यंत ती खरी राहील का, हा प्रश्न वेगळा. गोडसे काका-पुतण्यांच्या बाबतीत नेमके हेच झाले. ते वाटेत असतानाच देश पेटला आणि ज्या यज्ञासाठी घर सोडले तो बेत त्या धामधुमीत मागे पडला.

महूच्या अलीकडे त्यांना छावणीतले शिपाई भेटले. काडतुसांवरून पलटणींत काय धुमसते आहे आणि लवकरच काय होणार आहे, हे त्या शिपायांकडून त्यांना कळले. समोरून येणाऱ्या माणसाने सांगितलेली वार्ता ही खरी वार्ता. तरीही हे दोघे पुढे गेले. मी हे पान जितक्या वेळा वाचले तितक्या वेळा मनात आले की येथूनच मागे फिरायला हवे होते. पण आपल्याला पुढचे सारे ठाऊक आहे म्हणून आपण असे म्हणतो. मागे वळले असते तर घरी रिकाम्या हातांनी जायचे आणि कर्ज आहे तेथेच. माणसाला मागून देणे ढकलत असते तेव्हा पुढचा धोका त्याला लहान दिसतो. ज्यांनी सावकाराचे किंवा सोसायटीचे देणे डोक्यावर घेऊन पावसाळा काढला आहे त्यांना हे मी सांगायला नको. आणि देणे जर लग्नकार्यासाठी काढलेले असेल, तर त्याच्यासारखे जड ओझे नाही. बागेसाठी काढलेले कर्ज झाडे कधी ना कधी फेडतात, मांडवासाठी काढलेले कर्ज मांडव उतरला की उघडे पडते. माझे हे मत कित्येकांना आवडत नाही, तरी मी ते प्रत्येक बैठकीत मांडतो.

झाशीत

धार, उज्जैन, ग्वाल्हेर असे करीत दोघे झाशीस पोहोचले. झाशी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. राणी लक्ष्मीबाईंचे सासरचे घराणे नेवाळकरांचे, आणि नेवाळकर मूळचे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे, लांजा तालुक्यातील कोट या गावचे. म्हणजे पेणचे काका-पुतणे हजार कोसांवर आल्यासारखे आले, ते कोकणातून गेलेल्या माणसांच्याच दारी. परमुलखात आपल्या बोलीचे एक घर सापडले की अर्धा शीण उतरतो. मुंबईत प्रथम उतरलेल्या चाकरमान्याला गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायला जागा मिळते, तसेच हे.

विष्णुभटांनी राणीचे जे वर्णन केले आहे ते लढाईपेक्षा मला रोजच्या कारभाराचे अधिक आवडते. एक प्रसंग थंडीचा आहे. महालक्ष्मीच्या दर्शनाहून परत येताना बाईंना वाटेत गोरगरिबांची गर्दी दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की थंडी फार पडली आहे आणि या लोकांच्या अंगावर पांघरूण नाही. बाईंनी हुकूम दिला आणि त्या लोकांना टोपी, बंडी आणि घोंगडी वाटण्यात आली. कोकणात राहून आपल्याला त्या थंडीची कल्पना यायची नाही. आपल्याकडे माघातल्या पहाटे शेकोटी पेटवली की भागते. बुंदेलखंडातली थंडी उघड्यावरच्या माणसाला मारते. सरकारी खात्यात वर्षे काढलेला माणूस म्हणून सांगतो, योजना कितीही मोठी असली तरी तिची परीक्षा हीच : थंडी असताना घोंगडी मिळाली की उन्हाळ्यात?

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याच्या फौजेने झाशीला वेढा घातला. तात्या टोपे मदतीला आले, परंतु १ एप्रिलला बेतवा नदीवर त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज फौज शहरात घुसली. ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून निघून गेली. आणि मग शहरात जे झाले ते काका-पुतण्यांनी लपून राहून पाहिले. कत्तल, आगी, रस्त्यांवर पडलेली माणसे. विष्णुभट लेखक म्हणून तयार झालेले नव्हते, त्यांनी साध्या भिक्षुकी मराठीत लिहिले आहे, आणि म्हणूनच ती पाने वाचवत नाहीत.

लुटीची हकिकत मात्र तुम्हांला सांगितलीच पाहिजे. लूट एका दमात झाली नाही. आधी सोने-नाणे गेले. मग तांब्या-पितळेची भांडी गेली. मग कापडचोपड, आणि सरतेशेवटी धान्यसुद्धा. घर कसे पोखरले जाते याचा हा क्रमच म्हणायचा. काका-पुतण्यांनी वर्षभर दारोदार जी दक्षिणा जमवली होती तीही या लुटीत गेली. कर्ज फेडायला निघालेली माणसे होती तितकीही उरली नाहीत. त्यांच्याजवळ राहिले ते तोंडपाठ असलेले वेदमंत्र, एकमेकांची सोबत आणि पाय.

दुसरे माणूस

या सोबतीबद्दल मला विशेष सांगायचे आहे. पुस्तकाचे नाव ‘माझा प्रवास’ असले तरी तो प्रवास दोघांचा आहे. एकटे असते तर विष्णुभट परत आलेच नसते असे माझे ठाम मत आहे. वाटेत एकाने निजायचे आणि दुसऱ्याने जागायचे. एकाने चूल पेटवायची, दुसऱ्याने पाणी आणायचे. एकाचा धीर सुटला की दुसऱ्याचा टिकून असतो. दोघांचा एकदम सुटणे क्वचित. शिवाय येथे एक वडीलधारे आणि एक तरुण अशी जोडी होती. दोन बरोबरीचे मित्र वाटेत रुसले तर कोण माघार घेणार याचा प्रश्न पडतो. काका-पुतण्यांत तो आधीच सुटलेला असतो. अर्थात काकानेही पुतण्याचे ऐकायला शिकावे लागते, नाहीतर मग शेतीच्या वाटण्या होतात तसे होते.

आमच्या कामात मी हे फार वेळा पाहिले आहे. शेतकऱ्यांचा अभ्यासदौरा निघतो. दापोलीचे कृषी विद्यापीठ पाहायचे, कोठे जुन्या हापूस कलमांची छाटणी करून बाग नवी कशी केली ते पाहायचे, कोठे काजूची कलमे पाहायची. एखाद्या वाडीतून एकच गडी येतो. पाहतो, वहीत लिहून घेतो, आनंदाने घरी जातो. घरी गेल्यावर सांगू लागला की भाऊबंद मान हलवतात आणि म्हणतात, “तिकडे जमत असेल, आपल्या कातळावर नाही जमायचे.” महिन्याभरात तो गप्प होतो. पण त्याच वाडीतून दोघे आले असतील तर चित्र निराळे. एक सांगतो, दुसरा साक्ष देतो. एकाने कुऱ्हाड उचलायला भीती वाटली तर दुसरा म्हणतो, “आपण दोघांनी पाहिले ना, दोन वर्षांत पालवी कशी भरली ती?” आणि दोघांपैकी एक बाई असेल, म्हणजे नवरा-बायको जोडीने आली असतील, तर मी निश्चिंत असतो, त्या घरी नवी गोष्ट होणार. पैशाची पिशवी आणि बागेची किल्ली दोन्ही एकाच वेळी दौऱ्यावर आलेली असते! तेव्हा पुढच्या वेळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दौऱ्याची सूचना लागली की एकट्याचे नाव देऊ नका. शेजाऱ्याला धरून या. ज्याच्याशी तुमचे पटते तोच पाहिजे असे नाही. ज्याच्यावर घरचे लोक विश्वास ठेवतात असा पाहा.

विहिरीवरचे पाणी

झाशी सोडल्यावर काल्पीच्या वाटेवर एके ठिकाणी विहिरीपाशी विष्णुभटांना राणी पुन्हा दिसली. राज्य गेलेले, कपडे धुळीने माखलेले, तहानेने जीव कासावीस झालेला. विष्णुभट पाणी काढून द्यायला पुढे झाले. राणीने त्यांना थांबवले. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते, अशा अर्थाचे ती बोलली, आणि स्वतःच्या हाताने पाणी काढून ओंजळीने प्याली.

त्या काळच्या रीतीभाती आपण बाजूला ठेवू. आज कोणी कोणासाठी पाणी काढावे याचे नियम राहिलेले नाहीत, आणि ते राहिले नाहीत हे चांगलेच झाले. मला त्यात दिसते ते एवढेच की सर्वस्व गेलेल्या बाईने आपली तहान दुसऱ्याच्या अंगावर टाकली नाही. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळच्या लढाईत ती मारली गेली. एका भिक्षुकाने लिहून ठेवले नसते तर हा विहिरीवरचा क्षण कोणाला कळला असता? इंग्रज सेनापतींच्या खलित्यांत लढाया आहेत, तोफा आहेत, मेलेल्यांचे आकडे आहेत. त्यांत विहीर नाही.

पुढे चित्रकूट, काशी, प्रयाग अशी यात्रा दोघांनी केली. पैसा गेला तो गेला. इतक्या दूर आलोच आहोत तर आईबापांना गंगेचे स्नान घडवायचे, म्हणून विष्णुभटांनी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेतली. कावडीचे ओझे साधे नसते. बांबूच्या दोन टोकांना पाण्याची भांडी, चालताना तोल राखायचा, पाणी हिंदकळू द्यायचे नाही, आणि जमिनीला टेकवायची नाही अशी रीत. ज्यांनी उन्हाळ्यात विहिरीवरून कलमांना कावडीने पाणी घातले आहे त्यांचे खांदे हे वाचतानाच दुखू लागतील. आपण दोनशे पावले नेतो. त्यांनी गंगेकाठाहून वरसईपर्यंत नेली. एकूण अडीच-तीन वर्षांनी ते घरी पोहोचले आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले.

कर्जाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. धन म्हणावे असे काही त्यांनी आणले नाही. विष्णुभट पुढेही वरसईचे गरीब भिक्षुकच राहिले.

लिहून ठेवलेले

त्यांनी आणले ते डोक्यात होते, आणि ते कागदावर यायला जवळजवळ पंचवीस वर्षे लागली. चिंतामणराव वैद्य हे मोठे विद्वान. त्यांच्या आग्रहावरून विष्णुभटांनी १८८३ च्या सुमारास हकिकत लिहून काढली. ते दिवस असे होते की बंडाची गोष्ट उघडपणे छापणे सोपे नव्हते. पुस्तक बाहेर आले ते १९०७ साली, वैद्यांनी भाषेवर हात फिरवून. मूळ लिखाण जसेच्या तसे १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केले. हिंदीतही अमृतलाल नागरांनी त्याचे भाषांतर केले आहे.

पंचवीस वर्षांनी आठवून लिहिल्यामुळे त्यात काही ठिकाणी तारखा मागेपुढे झाल्या आहेत, ऐकीव गोष्टी पाहिलेल्या गोष्टींत मिसळल्या आहेत. अभ्यासक ते दाखवून देतात आणि ते बरोबरच आहे. वाटेत रोज चार ओळी टिपून ठेवता आल्या असत्या तर काय झाले असते, असे मनात येते. पण लुटीत ती वहीही गेली असती म्हणा.

तुमच्या घरावर कोणी तोफा डागत नाही. तेव्हा एक शंभरपानी वही आणून ती पडवीतल्या खुंटीला अडकवा, शेजारी दोरीने पेन्सिल बांधा. पालवी कधी आली, मोहोर कधी फुटला, तुडतुडे कधी दिसले, कोणते औषध किती पाण्यात मारले, अवकाळी पाऊस कोणत्या तारखेला झाला, पेटीला काय भाव आला, हे घरातल्या ज्याला लिहिता येते त्याने लिहावे. नातीला लिहू द्या, तिचे अक्षर तुमच्यापेक्षा बरे असेल. मी बागेत आलो की लोक मला विचारतात, “साहेब, गेल्या वर्षीपेक्षा मोहोर उशिरा आहे ना?” मी म्हणतो, गेल्या वर्षीची तारीख सांगा. मग सगळे एकमेकांकडे बघतात. कोणी म्हणतो दत्तजयंतीच्या आधी, कोणी म्हणतो नंतर. पीक विम्याच्या वेळी, नुकसानीच्या पंचनाम्याच्या वेळीही तीच गोष्ट.

‘माझा प्रवास’ तालुक्याच्या वाचनालयात मागितले तर बहुधा मिळेल. भाषा जुनी आहे, पहिली दहा पाने अडखळायला होते, मग सरावते. भातलावणी आटोपली आणि बाहेर पाऊस कोसळत असला की घरात एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी फणसाच्या आठळ्या भाजत ऐकावे. फक्त झाशीच्या लुटीची पाने तेवढी लहान मुले निजल्यावर वाचा.